आतलं की बाहेरचं

आमच्या घरात खोटं बोलायला बंदी नाही. मी स्वतः दिवसाला दोन-चार थापा मारते. कालचं कालवण आजचं म्हणून वाढते, बुद्धिबळात हरलेल्याला "थोडक्यात हुकलं रे" म्हणते, आणि डॉक्टर सिहेमनी सिगारेटींचं विचारलं की माझी नजर सरळ छताकडे जाते. पण एका प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही. थट्टेत नाही, कंटाळून नाही, समोरच्याचं भलं व्हावं म्हणूनसुद्धा नाही. तो प्रश्न म्हणजे, "आतलं की बाहेरचं?"

नाबुल शहर संपतं तिथे कडू नारिंगांची एक जुनी बाग आहे आणि बागेत आमचं घर. चौदा माणसं राहतात. सगळी कर्ती माणसं. कोणी शाळेत शिकवायचा, कोणी शिवणकाम करायची. मनाच्या आजाराने त्यांना असं गाठलं की दवाखान्यात महिनाभर ठेवून भागेना, आणि घरी ठेवून तर मुळीच भागेना. मग ती आमच्याकडे येतात. कोणी वर्ष राहतं, कोणी दोन, कोणी चार. गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, दर मंगळवारी डॉक्टर सिहेम येऊन एकेकाशी बोलत बसतात. पण त्याहून जास्त भाजी चिरणं आहे, अंथरुणाची घडी घालणं आहे, कोपऱ्यावर पाव आणायला जाऊन पाववाल्याशी चार शब्द बोलणं आहे. लोकांना वाटतं आम्ही वेड्यांना कोंडून ठेवतो. कोंडणार कसे? फाटकाची कडी सहा वर्षं मोडलेली आहे.

मी दलेंदा. माझ्या कामाला धड नाव नाही. स्वयंपाकघर माझं, औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, आणि आवाज माझा सगळ्या घराला.

आता तो प्रश्न. आमच्यातल्या काहींना कोणी नसताना आवाज ऐकू येतात, काहींना साध्या खोकल्यात खूण दिसते. जे घडतंय ते खरंच बाहेर घडतंय की आपल्या डोक्यात, ते त्यांना एकट्याने ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येकाने भरवशाचं एक माणूस निवडायचं, आणि शंका आली की त्याला विचारायचं. तिजानीने मला निवडलं. इतकी गोड बोलणारी माणसं घरात असताना मलाच का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "तू रागावलीस की तोंडावर रागावतेस, लेल्ला दलेंदा." लेल्ला म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाला मानाने मारायची हाक.

तो छत्तीस वर्षांचा. उंच, खांदे पाडून चालणारा, बोटं मात्र सुईसारखी नेमकी. आपल्या गावी, कैरवानला, घड्याळं दुरुस्त करायचा.

"लेल्ला, भिंतीत कोणी ठोकतंय. आतलं की बाहेरचं?"

"बाहेरचं. नळ वाजतोय. नळवाल्याला तीनदा निरोप धाडला, मेला उगवेल तेव्हा खरं."

"पाववाला मला बघून हसला. आतलं की बाहेरचं?"

"हसला ते बाहेरचं, तुझा शर्ट उलटा आहे. तो तुझ्या वाईटावर आहे, हे आतलं."

मग तो शर्ट सुलटा करून पुन्हा पाव आणायला जायचा.

त्याच्या आजाराचं एकच पालुपद होतं. गल्लीतल्या सगळ्यांना आपल्याबद्दल काहीतरी ठाऊक आहे, सगळे आतून एक झालेत, आपल्यासमोर गोड बोलतात आणि आपली पाठ वळली की खरं बोलतात. शेवटी त्याने गच्चीवरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि आईच्या हातचं पाणीही सोडलं. अंगात त्राण उरलं नव्हतं तेव्हा त्याला उचलून आणला.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मी मासे साफ करत होते, रेडिओ चालू होता, आणि तिजानी कांदा चिरता चिरता थांबून म्हणाला, "लेल्ला, रेडिओवर माझं नाव घेतलं. आतलं की बाहेरचं?" मी मानही वर केली नाही. "आतलं, आतलं, तू कांदा चिर." संध्याकाळी बागेत दुसऱ्या एकाने सहज विषय काढला, आज फर्माइशी गाण्यांत कैरवानच्या कोणा तिजानीचं नाव आलं होतं. झालं. चार दिवस त्याने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. रेडिओवरचा तिजानी कोणी दुसराच होता, पण नाव तर खरंच घेतलं होतं ना? पाचव्या दिवशी मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "ते बाहेरचं होतं. मी ऐकलंच नव्हतं. न ऐकता उत्तर दिलं. माझी चूक." मग माझ्या ताटातला पाव उचलून त्याने अर्धा मोडून घेतला. तेव्हापासून मी आधी ऐकते, मग बोलते. मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी शिकले.

आमच्याकडे गोळ्यांच्या तीन पायऱ्या आहेत. आधी आम्ही गोळी देतो आणि गिळेपर्यंत बघतो. मग माणूस आपल्या डबीतून घेतो, पण आमच्यासमोर. शेवटी डबी त्याची, वेळ त्याची, आम्ही फक्त रविवारी डबी पाहतो. तिजानीला शेवटच्या पायरीवर यायला अडीच वर्षं लागली. या मार्चमध्ये नारिंगं फुलली तेव्हा अंगणात तांब्याचं भांडं चढवून आम्ही नेहमीसारखा फुलांचा अर्क काढला, आणि नळीतून पडणाऱ्या थेंबांवर लक्ष ठेवायला तिजानीला बसवलं. घड्याळवाल्याला थेंब मोजायचा कसला कंटाळा? तिथेच बागेत डॉक्टर सिहेम त्याला म्हणाल्या, "तीन दिवस घरी जाऊन ये. हे नीट पार पडलं तर हिवाळ्याच्या आत कायमचा जाशील."

त्याने थेंबावरची नजर काढली नाही. पण त्याचे कान लाल झाले, ते मी पाहिलं.

अटी दोन. पहिल्या दिवशी मी सोबत जाऊन त्याला सोडून यायचं. आणि त्याचा कागद घरात कोणाकडे तरी असायचा. घरी जाणारा प्रत्येक जण असा कागद लिहितो. आपला आजार परत यायला लागला तर सुरुवातीला काय दिसेल, ते आपल्याच शब्दांत. दुसऱ्याला ते आपल्याआधी दिसतं, म्हणून.

त्याची आई मब्रूका दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यायची. अडुसष्ट वर्षांची, पांढरी चादर लपेटलेली, हातात खजूर घालून तळलेल्या रव्याच्या वड्यांचा डबा. पोराच्या तोंडावरून हात फिरवायची आणि मला म्हणायची, "दलेंदा, तू याला मीठ कमी घालतेस." आमच्या त्या प्रश्नाचा तिला राग होता. "हा काय पोरखेळ? एवढा घोडा झालाय, याला खरं-खोटं कळत नाही?" तिला वाटायचं, विचारलं नाही तर आजारही नाही.

त्याला तीन दिवस घरी न्यायचं सांगितलं तेव्हा ती आनंदाने रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ऑगस्टमध्ये."

"ऑगस्ट कशाला?" डॉक्टर सिहेमनी विचारलं. "पुढच्याच आठवड्यात जाऊ दे."

"मार्चमध्ये फ्रान्सहून कोण येतं? सगळे ऑगस्टमध्येच येतात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिजानीला आमच्याकडे आणलं तेव्हा मब्रूकाने गल्लीत सांगितलं होतं, पोरगा फ्रान्सला गेला, मार्सेला, घड्याळाच्या कारखान्यात लागला. तीन वर्षं ती त्याच्या नोकरीच्या, थंडीच्या, चांगल्या घरमालकाच्या गोष्टी सांगत होती. दर महिन्याच्या गुरुवारी इकडे येताना बहिणीकडे जाते म्हणून निघायची. आता परत यायचं तर तो फ्रान्सहूनच यायला हवा होता. बॅग घेऊन, चॉकलेटं घेऊन, सुगंधी साबण घेऊन.

"आणि मी कोण?" मी विचारलं. "मी त्याच्यासोबत येणार आहे. मी विमान चालवत होते का?"

मब्रूकाने तेही ठरवून ठेवलं होतं. "तू त्याची तिकडची घरमालकीण. विधवा आहेस, भली आहेस, देश बघायला आलीस. फ्रेंच येतं ना तुला?"

"औषधांच्या खोक्यांवरचं वाचण्यापुरतं येतं. जेवणानंतर एक गोळी, मुलांच्या हाताला लागू देऊ नये."

तिजानी हसला. मी नाही हसले. माझं डोकंच फिरलं होतं. "खाला, अहो, याला आजार कसला होता? सगळी गल्ली आपल्यासमोर नाटक करते, हाच ना? तीन वर्षं आम्ही याला शिकवतोय की तसं नसतं. आणि तुम्ही याला नाटकातच नेऊन बसवणार?"

"मग काय सांगू?" मब्रूका ओरडली. "माझा पोरगा वेड्यांच्या घरात आहे, असं? त्याला उद्या बायको कोण देईल? दुकानात घड्याळ कोण टाकेल? तुझं काय जातं, तू तुझ्या बागेत राहतेस."

तिच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही, म्हणून मला जास्तच राग आला.

डॉक्टर सिहेमनी तिजानीकडे पाहिलं. "कोणाला काय सांगायचं हे तू ठरव. गप्प बसायचा हक्कही तुझाच आहे."

तिजानी म्हणाला, "यम्माच्या नाकाचा प्रश्न आहे. तीन दिवस मी फ्रान्सचा होईन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण मी तिथे विचारलं तर तू खरंच सांगायचं. घरमालकीण असलीस तरी."

"सांगेन," मी म्हणाले.

त्याने आपला कागद आईपुढे धरला. तिने तो उलटसुलट पाहिला. "मला कुठे वाचता येतं?"

"शेजारणीकडून वाचून घ्या," मी म्हणाले. "ती हनिया पोस्टात होती ना?"

"शेजारणीकडून!" मब्रूकाने कागदाची बारीक घडी केली आणि न वाचलेला तसाच पोलक्यात खोचला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिने बॅग धाडली. नवीकोरी, आणि मुठीला विमान कंपनीची पट्टी चिकटवलेली. कुठून मिळवली, तिचं तिलाच ठाऊक. तिजानीने पट्टी वाचली. "पट्टी इस्तंबूलची आहे, लेल्ला. मी लांबून फिरून आलो म्हणायचा." चॉकलेटांच्या मधे त्याने आमच्या अर्काची एक बाटली घातली. बाहेरून गवत विणलेली, मार्चमधली. मी म्हटलं, हे फ्रान्सला मिळत नाही. तो म्हणाला, "हे मी केलंय. बाकीचं विकत आणलंय."

वडापाच्या गाडीत आम्ही मागे बसलो. उन्हाने खिडकीच्या काचेला हात लावायची सोय नव्हती. मी त्याची तयारी करून घेत होते. फ्रान्सहून आलेल्या माणसाला कैरवानमध्ये काय विचारतात, हे काय नवीन आहे? पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा कागदपत्रांचा, तिसरा "माझ्या भाच्याला कधी नेतोस?" तिजानीने तिन्ही उत्तरं घोकली. भाच्यासाठी तर त्याने तीन वेगवेगळे बहाणे तयार केले. "मला भीती वाटत नाही," तो म्हणाला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसला. मला मात्र भीती वाटत होती. तिथे काही बिनसलं तर तो परत गच्चीवरच्या खोलीत जाईल, आणि या वेळी माझ्या हातचाही पाव घेणार नाही, असं मला वाटत होतं.

गल्ली चिंचोळी, पांढऱ्या भिंती, निळी दारं. आम्ही वळलो तशी हाळी उठली. बायका दारात आल्या, जिभा हलवून मंगल किलकारी झाली, मब्रूकाने त्याला छातीशी धरून असं रडून घेतलं की कोणालाही वाटावं, पोरगा खरंच समुद्रापलीकडून आला. एका अर्थी आलाच होता. मला सगळ्यांनी दोन्ही गालांवर चार-चार पापे दिले. "मादाम, तिकडे आमच्या तिजानीला फार जपलंत," असं म्हणत एक म्हातारी माझा हात सोडेना. मी फ्रेंच स्त्रीसारखी हसले. फ्रेंच बायका कशा हसतात देव जाणे.

आतल्या चौकात चटया घातल्या होत्या. मटणाचा कुसकुस, तिखट मिरची, कलिंगडाच्या फोडी. सात-आठ शेजारणी, आणि त्यांच्यात म्होरकी हनिया, शेजारच्या दारातली. पंचावन्नची, पोस्टातून निवृत्त झालेली, जाडजूड, गळ्यात चष्मा लटकणारी. तिचा स्वतःचा मुलगा लियाँला टॅक्सी चालवतो. मला तिचीच धास्ती होती. फ्रान्सची खडान्‌खडा माहिती असलेली बाई, दोन प्रश्नांत आमचं पितळ उघडं पाडेल.

पण हनियाने प्रश्न विचारलेच नाहीत. "खा रे बाळा. थंडी फार असेल नाही तिकडे?" एवढंच, आणि तेही आजारी लेकराशी बोलावं तशा मऊ आवाजात. दुसरी म्हणाली, "तब्येत सुधारली तुझी." तिसरीने त्याला कलिंगडाची मधली फोड दिली. चौथी काही विचारायला गेली, तर हनियाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने घास तोंडात घातला. मब्रूका चॉकलेटं वाटत होती, मार्सेच्या समुद्राच्या गोष्टी सांगत होती, आणि सगळ्या जणी "हो का, हो का" करत होत्या. मी बघितलं, तिजानीने चमचा खाली ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर गेले.

"लेल्ला दलेंदा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण चौकात सगळ्यांना ऐकू गेला. "मी फ्रान्सहून आलो, आणि एकीनेही पगार विचारला नाही. कोणाचा भाचा नाही, कोणाचे कागद नाहीत. यांना सगळ्यांना ठाऊक आहे मी कुठे होतो. सगळ्या माझ्यासमोर नाटक करतायत." त्याने एक श्वास घेतला, शिकवल्यासारखा, पोटातून. "आतलं की बाहेरचं?"

मादाम घरमालकीण संपली तिथेच. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मब्रूकाही. तिच्या हातात चॉकलेटांचा डबा होता आणि डोळ्यांत एकच विनवणी होती. आतलं म्हण. तीन अक्षरी तर शब्द आहे, दलेंदा, एकदाच म्हण, माझं घर राहू दे.

मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटत होतं तो बरोबर आहे. पण वाटून भागत नाही, मी मासे साफ करताना नुसत्या वाटण्यावरच उत्तर दिलं होतं. खात्री करायची तर हनियाला विचारायला हवं होतं, आणि विचारणं म्हणजे मब्रूकाची तीन वर्षं त्या चटईवर ओतून टाकणं. तिजानी वाट बघत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, पुढ्यातल्या ताटाकडे बघत होता, आणि त्याचा अंगठा एकेका बोटावरून मोजत सरकत होता, थेंब मोजायचा तसा.

मब्रूकाने डबा खाली ठेवला.

"हनिया," ती म्हणाली. "तुला माहीत आहे?"

हनियाने गळ्यातला चष्मा उगाच पदराने पुसला. "मब्रूका, जाऊ दे ना आता."

"माझा पोरगा विचारतोय. खरं सांग. माहीत आहे?"

"आहे," हनिया म्हणाली. "पहिल्या रमजानपासून. माझा भाऊ नाबुलची गाडी चालवतो. त्या बागेच्या फाटकाशी उतरताना त्याने तुला पाहिलं. सगळ्यांना माहीत आहे, बाई. तूच बोलत नव्हतीस, मग आम्ही कसं बोलणार?"

मला वाटलं मब्रूका पडते की काय, मी उठलेसुद्धा. पण ती गुडघे टेकून पोरासमोर बसली आणि तिने त्याचा तो मोजणारा हात धरला.

"बाहेरचं आहे, लेकरा," ती म्हणाली. "खोटं मी सांगितलं, आणि यांनी ते धरून ठेवलं. तुझ्या डोक्यातलं काही नाही. सगळं बाहेरचं आहे."

तिजानीने वर पाहिलं. आधी आईकडे, मग एकेका बाईकडे. त्याला इतकी वर्षं ज्याची भीती होती ते खरंच घडलेलं निघालं, आणि ते पचवणं सोपं नाही.

"म्हणजे मला बरोबर कळलं," तो हळूच म्हणाला. मग थोडं मोठ्याने, "लेल्ला, मला बरोबर कळलं!" आणि त्याचे खांदे, जे मी तीन वर्षांत कधी सरळ पाहिले नव्हते, ते सरळ झाले. मला रडू आलं. सगळ्यांसमोर, नाक ओढत, अजिबात फ्रेंच नाही असं.

त्यानंतर चौकात जी गडबड उडाली ती विचारू नका. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तिथे जेवण कसं मिळतं? इंजेक्शन दुखतं का? ती म्हातारी मला म्हणाली, "म्हणजे तू मादाम नाहीस? मग एवढा वेळ मुकी का बसली होतीस?" तिजानीने बॅगेतून अर्काची बाटली काढली आणि ही मी केली म्हणून सांगितलं. ती या हातातून त्या हातात फिरली, प्रत्येकीने तळव्यावर थेंब घेऊन वास घेतला. चॉकलेटं उन्हात वितळत होती, त्यांच्याकडे कोणी बघेना.

कॉफी आली तेव्हा मब्रूकाने पोलक्यातून ती बारीक घडी काढली. मार्चपासून तिथेच होती, घामाने कडा मऊ पडल्या होत्या. हनियाच्या हातात देऊन म्हणाली, "वाच. मोठ्याने."

"सगळ्यांसमोर?" हनियाने तिजानीकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

हनियाने चष्मा लावला आणि पोस्टात तार वाचावी तसं खणखणीत वाचलं. "मी कॉफीत साखर घ्यायची थांबलो, तर लक्ष द्या. दिवसा खिडकी लावून बसलो, तर लक्ष द्या. मी मस्त आहे असं एका दमात तीनदा म्हणालो, तर मी मस्त नाही. तेव्हा मला समजवायला बसू नका, माझ्याशी भांडू नका. लेल्ला दलेंदाला फोन करा. ती ओरडेल, पण तिच्या ओरडण्याची मला सवय आहे."

सगळ्या हसल्या. मग हनियाने कागद खाली केला आणि तिजानीच्या पेल्याकडे बघून विचारलं, "किती चमचे?"

"दोन," तिजानी म्हणाला.

तिने दोन घातले आणि ढवळून दिले. "खिडकी माझ्या स्वयंपाकघरातून दिसते," ती म्हणाली. "ती माझ्याकडे लागली."

जायच्या आधी मी हनियासोबत भांडी विसळली. तिच्याकडूनच कळलं की तीन वर्षं दर महिन्याच्या त्या गुरुवारी मब्रूका निघाली की ती तिच्या सब्जाच्या कुंडीला पाणी घालायची, मांजरीला दूध द्यायची, आणि कोणी विचारलं तर "बहिणीकडे गेलीय" असं सांगायची. एकदा खुद्द ती बहीणच दारात उभी राहिली, तेव्हा हनियाने तिला आत घेऊन कॉफी पाजली, सगळं सांगितलं, आणि गल्लीतल्या खोट्यात तिलाही सामील करून घेतलं.

दुपार उतरली तशी मी निघाले. तिजानी चौकात बसून कोणाचंतरी बंद पडलेलं घड्याळ उघडत होता. त्याने हात हलवला, उठला नाही, कारण मांडीवर स्क्रू होते. मब्रूका मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वडापाच्या गाड्या दिसायला लागल्या तशी तिने माझी बाही धरली. कोणी ऐकत नाही ना, हे तिने पुढेमागे पाहिलं.

"दलेंदा," ती म्हणाली, "मी इथे बसून मार्सेच्या गोष्टी सांगायचे. आणि या घरी जाऊन मला हसत असतील. तीन वर्षं हसत असतील." तिने बाही आणखी घट्ट धरली. "आतलं की बाहेरचं?"

मला ती कुंडी आठवली, मांजर आठवली, कॉफी प्यायलेली बहीण आठवली. सगळं नीट ऐकलेलं होतं.

"आतलं, खाला," मी म्हणाले. "हे आतलं आहे."